अजून माती झाली नाही

आई जशीच्या तशी होती.

जशीच्या तशी म्हणजे उठून बसेल अशी नव्हे, उगाच कोणी काहीबाही पसरवू नये. पण दोन पावसाळे डोक्यावरून जाऊनही राधाबाई हिवाळे जमिनीखाली राधाबाईच राहिल्या होत्या. मोरपंखी साडीचा रंग उतरला नव्हता. लेकीने, जयाने, खांद्यावर लावलेली पिन जागच्या जागी होती. आणि चेहरा? चेहऱ्याकडे थोरल्या मुलाने, शिवदासने, एकदा बघितलं आणि मान फिरवली. आईच्या नजरेला नजर देणं त्याला साठी उलटली तरी जमलं नव्हतं, आज कुठून जमणार?

"झाकून टाका," तो म्हणाला.

"थांब दादा," जया म्हणाली. "गाठोडं कुठंय?"

कबर उघडली होती ती कुंदासाठी. कुंदा म्हणजे शिवदासची बायको, हिवाळ्यांची थोरली सून. डॉक्टरांनी 'आता घरीच ठेवा' म्हटल्यापासून तिने एकच धोशा लावला होता, मला निहारजवळ ठेवा. निहार तिचा थोरला मुलगा, सात वर्षांचा असताना तापाने गेला. त्याला याच कबरीत ठेवलं होतं. या शहरात जित्यांना जागा नाही, मेलेल्यांना कुठून असणार? हिवाळ्यांच्या सगळ्या घराला मिळून एक कबर. नव्या माणसाला जागा करायची तर जुन्याची हाडं गोळा करून पांढऱ्या कापडात बांधायची आणि नव्याच्या पायाशी ठेवायची, अशी रीत. राधाबाईंना माती दिली तेव्हा निहारचं एवढंसं गाठोडं त्यांच्या पेटीत, पायाशी ठेवलं होतं. कुंदा त्या दिवशी एक अक्षर बोलली नव्हती.

पण आधीचं माणूस मातीला मिळाल्याशिवाय नवं ठेवायचं नाही, हा ख्रिस्ती दफनभूमीचा नियम. म्हणून शिवदासने आधीच उघडून बघायला सांगितलं. बायकोला खात्रीने सांगता यावं, जागा आहे गं तुझी, काळजी करू नको, एवढीच बिचाऱ्याची इच्छा. आणि निघालं हे.

गाठोडं पायाशी नव्हतं.

ते राधाबाईंच्या डाव्या कुशीत होतं. कोपरात, छातीला लागून. कापड पिवळं पडलं होतं, पण गाठ सुटली नव्हती.

तिघं भावंडं वाकून बघत राहिली. भर दुपार, डोक्यावर ऊन, कंपाउंडपलीकडे कोणाच्या तरी लग्नाची वरात वाजतेय, आणि जयाने हातातला रुमाल तोंडात कोंबला.

"मी स्वतः पायाशी ठेवलं होतं," ती म्हणाली. "या हातांनी. दादा, तू होतास ना रे?"

"होतो."

"मग?"

माणिक, सगळ्यात धाकटा, तिथेच मातीत गुडघ्यावर बसला. "प्रभू, तुझी स्तुती असो," तो पुटपुटला. "खूण आहे ही. दादा, खूण आहे." आणि खिशातून मोबाइल काढून त्याने फोटो घेतला.

"माणक्या!" जयाने असा काही आवाज काढला की फावडं धरलेला माणूसही मागे सरला. "लाज आहे का तुला? आई आहे ती!"

"आई आहे म्हणूनच. देहाला माती लागली नाही तिच्या. अगं, जगाला कळायला नको?"

"माती लागली नाही कारण तू लागू दिली नाहीस," शिवदास थंडपणे म्हणाला.

हे मात्र खरं होतं. दफनभूमीच्या फाटकावर हाताएवढ्या अक्षरांत पाटी आहे: सुती कपडा घाला, पातळ फळीची साधी पेटी आणा, नायलॉन आणि प्लास्टिक आणू नये. या पाटीसमोरून माणिकने सागवानी पेटी वाजतगाजत आत आणली होती. आतून रेक्झिनचं अस्तर, वरून पॉलिशचा जाड थर. साडी नायलॉनची, आईला आवडायची म्हणून. जया म्हणाली होती, अरे पाटी वाच. तर म्हणाला, "पाटीबिटी सोड, आईला झकास पाठवायचं." आता आई झकास राहिली होती. खर्च माणिकचा होता म्हणून त्या वेळी कोणी तोंड उघडलं नाही. हिवाळ्यांच्या घराण्यात हे पहिल्यापासून असंच.

दफनभूमीच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं की झाकण मोडून, माती मोकळी करून पुन्हा बुजवतो, पण आणखी वर्ष-दोन वर्षं तरी थांबावं लागेल.

"थांबायला वेळ कुठंय?" शिवदास म्हणाला.

"मग एक होऊ शकतं. म्हातारीला उचलून मागच्या बाजूच्या खड्ड्यात हलवतो. ही जागा मोकळी. तुमची सही लागेल. आज रात्री फोन करा, उद्या सकाळी काम करून टाकतो."

शिवदासने मान डोलावली. जयाने ते बघितलं आणि ती पेटलीच.

"उचलून? आईला? अजून माती झाली नाही रे तिची, दादा! अशीच्या अशी उचलणार? खांद्याला धरून?"

"कुंदाने उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही. हे एक मागितलंय."

"आणि आईने काय मागितलं होतं?"

"आईने सगळंच मागितलं, आणि सगळंच मिळालं तिला," शिवदास म्हणाला. चाळीस वर्षं चर्चमध्ये पंच म्हणून बसलेला हा शांत माणूस, असं बोलू शकतो हे जयाला माहीत नव्हतं.

रिक्षात तिघं दाटीवाटीने बसले. एरवी जया आणि माणिकचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण आज आईला हलवायचं नाही यावर दोघांचं एकमत झालं होतं. जयाला आईची विटंबना नको होती, माणिकला खूण जागेवर हवी होती. कारणं वेगळी असली तरी दोन मतं एका बाजूला झाली. शिवदास एकटा पडला.

"आमच्या प्रार्थनामंडळीचे ब्रदर येतील संध्याकाळी," माणिक म्हणाला. "वहिनींवर हात ठेवून प्रार्थना करतील. एवढी मोठी खूण मिळालीय, वहिनी उठून बसतील बघ. मग कबरीचा प्रश्नच कुठं येतो?"

"आणि नाही उठली तर?"

"हाच तर प्रॉब्लेम आहे तुझा. विश्वास नाही."

शिवदास बाहेर बघत राहिला. विश्वास नाही. हे शब्द त्याने आधी ऐकले होते, आईच्या तोंडून, निहारच्या उशाशी. दवाखान्यात नेलंत तर विश्वास कुठं राहिला? आज रात्रीत पोरगा उठून बसेल, असं आई म्हणाली होती. त्याने ऐकलं होतं. पहाटे उशीर झाला होता. माणिक तेव्हा कॉलेजात होता, दारूच्या पहिल्या घोटांत. त्याला काय आठवणार? आणि गंमत बघा, पुढे त्याची दारू सुटली ती खरंच एका रात्रीत, एका प्रार्थनेत. डोळ्यांदेखत घडलेलं, नाही कसं म्हणणार? तेव्हापासून माणिकचा देव सगळं एका रात्रीत करायचा.

"कुंदाला यातलं काही सांगायचं नाही," घर आलं तेव्हा शिवदास म्हणाला. "जागा आहे, एवढंच सांगायचं. गाठोड्याचं तर बोलायचंच नाही. कळलं?"

दोघांनी होकार दिला. गोवंडीतल्या त्या इमारतीच्या जिन्यात नेहमीप्रमाणे देवनारच्या कचऱ्याचा जळका वास भरून राहिला होता. वारा इकडचा असला की संध्याकाळी खिडक्यांबाहेर पिवळट धूर उतरतो आणि समोरची बिल्डिंग दिसेनाशी होते. रहिवाशांना त्याचं काही वाटत नाही, खिडक्या लावून घेतात. आज वारा इकडचा होता.

दार ऋताने उघडलं. शिवदास-कुंदाची मुलगी, निहारनंतरची, आता आईच्या औषधपाण्यासाठी रजा काढून राहिलेली. तिचा चेहरा उतरला होता.

"बाबा, तुम्ही फोन केला होतात का आईला?"

"नाही. का?"

"दुपारी अचानक म्हणाली, पांघरूण घाल, दार उघडलंय. मी म्हटलं, सगळी दारं बंद आहेत. तर म्हणाली, इथलं नाही गं, तिथलं. मग विचारते, साडी तशीच आहे का?"

जयाने माणिककडे बघितलं.

"तापात बरळत असेल," शिवदास म्हणाला.

"ताप नाही, बाबा. मोजला मी."

आतल्या खोलीत कुंदा उशांना टेकून बसली होती. अंगात आता फक्त डोळे उरले होते, पण ते लख्ख होते. तिने तिघांच्या पायांकडे बघितलं. घोट्यांना लाल माती चिकटलेली.

"झाली का माती?" तिने विचारलं.

"झाली," शिवदास म्हणाला. "जागा आहे तुझी."

"अहो, चाळीस वर्षं संसार केला तुमच्याशी. खोटं बोलताना तुमचा डावा कान लाल होतो." मग दम लागला म्हणून ती थांबली. "नाहीच झाली. मला माहीत होतं. ती अशी सहजासहजी जाणाऱ्यांतली आहे का? मला कधी पुढे जाऊ दिलं नाही, आता देईल होय!"

आणि ती हसली. हसू इतकं खरं होतं की ऋतालाही हसू फुटलं. मग तिलाच भीती वाटली.

"वहिनी, मी सांगतो," माणिकला राहवेना. "आई जशीच्या तशी आहे. खूण आहे ही. माझे ब्रदर येतायत आता. तुम्ही फक्त विश्वास..."

"काका, कोणी येणार नाही," ऋता म्हणाली. "आईला दम लागतो माणसं बघून. आणि कोणी औषध बंद करा म्हटलं, तर मी त्याला या जिन्यावरून खाली पोचवीन."

"ऋता, तू लहान आहेस."

"निहारदादाहून मोठी आहे ना? तेवढं पुरे."

या घरात निहारचं नाव असं तोंडावर कोणी घेत नसे. माणिकने मोबाइल काढला, गॅलरीत जाऊन कोणाला तरी 'आज नको' म्हणून सांगितलं आणि आत येऊन कोपऱ्यात बसला. वाटत होता तेवढा वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त वाट बघता येत नव्हती.

दिवेलागणीला शिवदासने नेहमीसारखी घरची प्रार्थना घेतली. पलंगाभोवती खुर्च्या, एक स्टूल. बाहेर धूर एवढा उतरला होता की ट्यूबलाइटचा उजेडही आजारी दिसत होता. बायबलमधलं एक वचन वाचून झालं, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना सुरू केली.

त्या प्रार्थनेत माफीची एक ओळ आहे. आम्ही दुसऱ्यांना माफ केलं तसं तू आम्हाला कर, अशा अर्थाची. ख्रिस्ती पोर बोबडं बोलायला लागल्यापासून ती म्हणतं. कुंदा म्हणत नसे. निहार गेल्यावर ती चर्चमध्येच जाईना. मग जायला लागली, पण मागच्या बाकावर मुकी बसायची. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जेवढं खरं आहे तेवढंच म्हणा, बाई. उरलेल्यासाठी देव थांबेल, त्याला कुठं गाडी पकडायचीय? मग ती प्रार्थना म्हणायला लागली, फक्त माफीच्या ओळीला गप्प बसायची. शेजारच्या खुर्चीवर सासू बसलेली असली तरी. विशेषतः तेव्हाच. जयाला हे सगळं माहीत होतं. पुढे पुढे त्या जागी कुंदाचे ओठ हलायला लागले होते, आवाज नसायचा. जयाने तेही बघितलं होतं.

आज माफीची ओळ आली आणि कुंदा नेहमीप्रमाणे थांबली. बाकीच्यांनी ती म्हटली. आणि त्यांची संपल्यावर, एक क्षण मागाहून, अजून एका आवाजाने ती म्हटली. सगळी नाही. पुढची अर्धीच. आम्हाला माफ कर, एवढीच. हळू, दात नसलेल्या तोंडाने, 'म्ह'मधला 'ह' गिळून.

राधाबाई असाच 'ह' गिळायच्या. 'म्हणून' ला 'मनून'. पोरं लहानपणी त्यांची नक्कल करून मार खायची.

प्रार्थना तिथेच तुटली. शिवदासच्या हातातलं शास्त्र मांडीवर पडलं. माणिक, दिवसभर खूण खूण करणारा माणूस, आता भिंतीला पाठ लावून बसला होता.

"आई," ऋताने विचारलं, "तू म्हटलंस ना ते?"

"मी थांबले होते गं," कुंदा म्हणाली. "तुम्हाला माहितीये ना, मी तिथं थांबते."

"घसा बसलाय तुझा. तूच म्हटलं असशील, कळलं नसेल."

"असेलही," कुंदा शांतपणे म्हणाली. "देवाला म्हटलं तिने की मला, तेवढं कळलं नाही."

कोणीतरी पंखा बंद केला. का केला कोण जाणे, पण बंद झाल्यावर बरं वाटलं.

मग कुंदा म्हणाली, "जया, इकडे ये. तू खरं सांग. माझं पोर कुठं होतं? पायाशीच ना?"

जयाने दादाकडे बघितलं. दादा जमिनीकडे बघत होता. दिवसभर ती आईच्या बाजूने भांडली होती, दादाशी, स्वतःशी. आता वहिनीचा हाडांचा हात तिच्या मनगटावर होता आणि तिला खोटं सुचेना.

"पायाशी नव्हतं, वहिनी. कुशीत होतं. डाव्या. असं धरल्यासारखं."

"पाणी शिरलं असणार," ऋता घाईने म्हणाली. "दोन पावसाळे झाले ना. पेटीत पाणी भरतं, हलकी वस्तू तरंगते, पाणी ओसरलं की सरकून बसते कुठेतरी. त्यात काही नाही, आई."

"पाणीच असेल," कुंदा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं होतं, आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

शिवदास उठला. "बस झालं. मी फोन करतो त्या माणसाला. उद्या सकाळी आईला हलवतील. जागा तुझी, पोरगा तुझा. कोणी आडवं येणार नाही. जया, तू पण नाही."

"नाही येणार," जया म्हणाली. "कर फोन."

माणिकही मान खाली घालून म्हणाला, "कर, दादा. पेटी माझीच चूक होती. पाटी वाचली होती मी."

असं कधी झालं नव्हतं. हिवाळ्यांची तीन भावंडं एका बाजूला. शिवदासने नंबर लावायला घेतला.

"अहो, थांबा," कुंदा म्हणाली. "तुम्हा लोकांना तुमची आई माहीतच नाही."

"म्हणजे?"

"निहार गेल्यावर ती रात्री आडवी झाली नाही कधी. तुम्ही सगळे घोरत असायचात. मी पाण्याला उठायचे. ती गॅलरीत बसलेली असायची. मांडीवर असा हात, असा," आणि कुंदाने चादरीवर हात थोपटून दाखवला, मूल झोपवताना थोपटतात तसा, "रिकाम्या मांडीवर. तासन् तास. सकाळी चहा टाकायला पुन्हा पहिली. एवढी वर्षं. तुम्ही म्हणायचात, आई किती लवकर उठते. उठायला झोपली असती तर ना!"

शिवदास खाली बसला. त्याच्या हातात फोन तसाच उजळलेला होता.

"मी बघायचे आणि परत जाऊन पडायचे," कुंदा म्हणाली. "एक शब्द बोलले असते तर ती झोपली असती. आई, झोपा आता. एवढंच. नाही बोलले. मुद्दाम नाही बोलले. वाटायचं, बस, बस तू जागी."

तिला दम लागला. ऋताने पाणी पाजलं. खाली कोणीतरी पोराला ओरडत होतं, गाडीचा हॉर्न वाजत होता, जग चालू होतं.

"आता लागलीय तिला झोप," कुंदा म्हणाली. "पोर कुशीत घेऊन. उठवू नका."

"आणि तू?" शिवदास म्हणाला. "तू कुठं जाशील, कुंदा? तुला निहार हवा होता ना?"

"हवाय ना. मला काय नकोय?" ती जवळजवळ चिडून म्हणाली. "पण त्याला ओढून काढायचा म्हणजे तिच्या हातातून सोडवायचा. ते बघायला मी नसेन, पण तुम्ही असाल. नको. मला कुठंही नवी जागा बघा. साधी फळी, सुती लुगडं. मी लवकर माती होईन, बघाल तुम्ही. माझ्यात राहिलंय काय?"

"किती लांब पडशील."

"त्याच्याविना इतकी वर्षं काढलीच ना? अजून थोडी."

माणिक हमसून रडायला लागला. जयाने उठून त्याचं डोकं पोटाशी धरलं, लहानपणी धरायची तसं. शिवदासने फोन लावला. पलीकडून उचलल्यावर तो म्हणाला, हिवाळे बोलतोय, आईला हलवायचं नाही, जशी आहे तशी झाकून घ्या, माती हलक्या हाताने लोटा. बायकोसाठी वेगळी जागा लागेल. मग पलीकडचं बराच वेळ ऐकत राहिला आणि हो, हो म्हणाला.

बाहेर धूर थोडा विरळ झाला होता. ऋताने आईच्या पाठीमागच्या उशा काढून तिला आडवं केलं. जया पलंगाच्या कडेला बसली. तिला एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. उद्या विचारीन म्हणण्याएवढे उद्या उरले नव्हते.

"वहिनी, मग माफ केलंस आईला?"

कुंदाने डोळे मिटले होते. जयाला वाटलं, लागला डोळा.

"नाही गं," ती म्हणाली. "अजून नाही होत. पण तिची झोपमोड नाही करायची मला."